फोटोतली होडी आणि वाळूवरची होडी



मे महिना लागला की संस्थेच्या मोबाईलवर मासळीच्या दरापेक्षा होड्यांचे फोटो जास्त यायला लागतात. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी. ज्यांना होडी विकायची ते त्याआधी जाहिरात टाकतात, आणि १ ऑगस्टला स्वतःच्या होडीने उतरायचं ठरवलेले ती जाहिरात शोधतात. पूर्वी हा व्यवहार जेटीवर नाहीतर कुणाच्या लग्नाच्या मांडवात व्हायचा. होडी कुणाची, कुठे आपटली, इंजिन कितीवेळा उघडलं, हे सगळ्या वाड्याला माहीत असायचं. आता होडी शंभर किलोमीटरवरची, मालक अनोळखी, आणि माहिती म्हणजे चार फोटो आणि दोन ओळी. "काका, ही कशी वाटते?" असं विचारत मुलं लिंक पाठवतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देता देता आम्ही दमलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो आहोत.

लिहितो आहोत ते आपल्या नेहमीच्या फायबर होडीबद्दल, म्हणजे २२ ते २८ फुटी, मागे ८ किंवा ९.९ एचपीचं ओबीएम अडकवलेली. ट्रॉलरचा हिशोब वेगळा, तो इथे नको.

आधी एक घडलेली गोष्ट, कारण तिच्यामुळेच आम्ही या विषयात एवढे शिरलो. काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच दोघा भावांनी जाहिरात बघून होडी घेतली. फोटो सुंदर, रंग कोरा. बघायला गेले ते अंधार पडल्यावर, टेम्पो सोबतच घेऊन गेले आणि रात्रीच होडी घरी आणली. पैशासाठी आईची साखळी सोसायटीत ठेवली होती. ऑक्टोबरात जाळी ओढून परत येताना मागची फळी, म्हणजे ज्याच्यावर इंजिन अडकवतो ती, आतून भुग्यासारखी निघाली. इंजिन ब्रॅकेटसकट सुटून पाण्यात गेलं. सेफ्टी दोरी बांधलेली नव्हती. वारा जमिनीकडून होता, वल्ही एकच. मागून येणाऱ्या शेजारच्या होडीने त्यांना ओढून आणलं म्हणून दोघे घरी आले. इंजिन अजून तिथेच कुठेतरी तळाला आहे. साखळी सोडवायला त्यांना दोन हंगाम लागले.

त्या जाहिरातीत खोटं काय होतं, हे आम्ही नंतर बसून वाचलं. खरं सांगायचं तर फारसं काही नव्हतं. "फायबर होडी, चांगली कंडिशन, इंजिनसहित, नवीन रंग." रंग नवीनच होता! फळीबद्दल जाहिरात एक अक्षर बोलत नव्हती आणि आपणही विचारलं नव्हतं. तेव्हापासून आमचं मत असं झालंय की बहुतेक जाहिराती सरळ खोटं बोलत नाहीत. त्या जुनं खरं सांगतात, किंवा अर्धं सांगून थांबतात. फोटो त्याच होडीचा असतो, पण चार वर्षांपूर्वीचा. त्यामुळे विकणारा लबाड आहे का, हे शोधत बसायचं नाही. ही माहिती कधीची आहे आणि यात काय गाळलंय, एवढंच शोधायचं.

फोटो बघताना आधी होडीकडे बघूच नका, मागच्या बाजूला काय आहे ते बघा. गेल्या मे महिन्यात एका सभासदाच्या मुलाने वेंगुर्ल्याकडची जाहिरात आणली. २६ फुटी, "दोन वर्षांपूर्वी बांधलेली", ९.९ इंजिन, मागणी १ लाख ६० हजार. फोटोत होडीच्या मागे सुरूची रांग आणि पत्र्याची मांगर. आपल्या संस्थेत एकाची सासुरवाडी त्याच बाजूची. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "ही मांगर तर तौक्त्यात गेली." तौक्ते वादळ मे २०२१ मधलं. म्हणजे हा फोटो त्याच्या आधीचा, आणि होडी "दोन वर्षांपूर्वीची" असणं शक्यच नाही. एका मांगरीने होडीचं वय सांगितलं.

असे सासुरवाडीवाले प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. पण फोटोत बरंच काही वाचता येतं. सगळे फोटो एकाच दिवसाचे आहेत का? एकात होडी निळी आणि दुसऱ्यात काठाला लाल पट्टा, म्हणजे मधे रंगकाम झालंय. एका फोटोत इंजिनाचं झाकण एका रंगाचं आणि दुसऱ्यात स्टिकर वेगळं, म्हणजे कदाचित इंजिनच बदललं. होडी ओली करून फोटो काढलाय का? ओलं फायबर नेहमी चमकतं. उन्हाने मेलेला वरचा थर, ज्याच्यावरून हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागते, तो ओल्या फोटोत दिसत नाही. बारीक चिराही दिसत नाहीत. फोटो फक्त नाळेकडून आणि बाजूने असतील, आतला तळ आणि मागची फळी एकाही फोटोत नसेल, तर जे दाखवलं नाही तेच आधी मागवायचं. गुगल लेन्समध्ये फोटो टाकून तोच फोटो दुसऱ्या गावाच्या नावाने, दुसऱ्या भावाने आधी कुठे आलाय का, हेही दोन मिनिटांत कळतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून मात्र तारीख-ठिकाण काढायला जाऊ नका. पाठवताना ती माहिती निघून जाते.

मग व्हिडिओ मागायचा, तोही न तोडता काढलेला. "दादा, आजचं तारखेचं वर्तमानपत्र नाळेवर ठेवा आणि तिथून सुरू करून नोंदणी नंबर, आतला तळ, बाकांच्या खालची जागा, मागची फळी आतून-बाहेरून, इंजिनाची नंबर प्लेट, असं एका दमात दाखवा." एवढं मागितल्यावर जो खरोखर विकायला बसलाय तो करतो. कुरकुर करतो, पण करतो. जो तीन दिवस "पाठवतो, पाठवतो" म्हणतो त्याच्यासाठी टेम्पोचं भाडं घालवू नका.

इंजिन वाळूवर सुरू करून दाखवल्याचा व्हिडिओ बऱ्याच जाहिरातींत असतो. लोकांना तो बघून बरं वाटतं, आम्हाला उलटी शंका येते. ओबीएम थंड राहतं ते खालून ओढलेल्या पाण्यावर. पाणी ओढणारा पंप म्हणजे आत एक रबराची पंखी. पाण्याशिवाय इंजिन चालवलं की ती पंखी घासून जळते. ज्या मालकाने व्हिडिओसाठी कोरड्यावर इंजिन फिरवलं, त्याने ते आधी किती वेळा तसं फिरवलं असेल? इंजिन बघायचं तर पिंपात पाणी भरून किंवा खाडीत. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सरळ आणि सतत यायला हवी. धार तुटक किंवा नुसती टपटप असेल तर पंखी तरी गेली, नाहीतर पाण्याच्या वाटेत मीठ बसलंय.

"फक्त १०० तास चाललंय" हे वाक्य वाचलं की आम्हाला हसू येतं. आपल्याकडच्या दांडीने फिरवायच्या, दोरी ओढून सुरू करायच्या छोट्या इंजिनांना तास मोजणारा मीटर नसतो. मग हे १०० कुणी मोजले? रोज चार तास मासेमारी धरली तर १०० तास म्हणजे २५ दिवस झाले. हंगाम दहा महिन्यांचा. आकडा सांगणाऱ्याला सरळ विचारा, "कसे मोजले, दादा?" उत्तरात राग आला तरी माहिती मिळते.

इंजिन गेल्या गेल्या सुरू करून दाखवतात तेव्हा आधी झाकणाला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी एकदा फिरवून ठेवलंय. गार इंजिन किती ओढीत पकडतं, ते बघायचं असतं. चहा घ्या, इकडचं-तिकडचं बोला, अर्ध्या-पाऊण तासाने परत ओढा.

प्लेटवरचा नंबर लिहून घ्या आणि कागदावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. प्लेट खरवडलेली किंवा रिव्हेट नवे दिसले तर तिथून पुढे बोलणीच नको, चोरीचं इंजिन गळ्यात पडेल. काही प्लेटवर ताकद किलोवॅटमध्ये असते. त्याला १.३४ ने गुणलं की एचपी येते. जाहिरातीत १५ एचपी आणि प्लेटवर ७.३ किलोवॅट असेल तर ते ९.९ चंच इंजिन आहे. शाफ्टची लांबीही बघा. शॉर्ट म्हणजे १५ इंचांच्या फळीला, लाँग म्हणजे २० इंचांच्या. जाहिरातीत होडी आणि इंजिन एकत्र दाखवलेत म्हणून ते एकमेकांना जुळतात असं नाही. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या साधारण पातळीत यायला हवी. फार वर असली तर पंखा हवा मारतो, फार खाली असली तर होडी जड चालते आणि पेट्रोल जातं.

दोन गोष्टी मेकॅनिककडूनच करून घ्या. एक, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. नुसता आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर इंजिन उघडायच्या खर्चाची तयारी ठेवा. दुसरं, गिअरचं तेल. खालचा स्क्रू सैल करून चमचाभर काढायचं. दुधासारखं किंवा ताकासारखं आलं तर सील जाऊन आत पाणी शिरलंय. हे विकणारा करू देत नसेल तर इंजिनाची किंमत भंगाराच्या भावाने धरा आणि मग होडीचा विचार करा.

आता खुद्द होडी. सोबत मोजपट्टी न्या, हे आम्ही हात जोडून सांगतो. फुटांवर भाव ठरतो आणि फुटांतच सगळ्यात जास्त गडबड असते. काठावरून, वळणासकट मोजली की होडी लांब भरते. नाळेच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत हवेत सरळ दोरी धरून मोजली की कमी भरते. वेंगुर्ल्याची ती "२६ फुटी" सरळ दोरीने २४ फूट ३ इंच भरली. मालकाने फसवलं नव्हतं, त्याने ती तशीच मोजून घेतली होती.

नंतर नाणं काढा. रुपयाचं नाणं घेऊन तळ आणि बाजू हातभर अंतराने ठोकत जायचं. भरीव फायबर टणक, कोरडा आवाज देतं. जिथे आवाज भद्द येतो तिथे थर सुटलेत, किंवा आत पाणी आहे. खडूने खुणा करत जा. एखादी बशीएवढी जागा म्हणजे दुरुस्तीचं काम, पण अर्धा तळ भद्द बोलत असेल तर होडी सोडून द्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन असताना बाजूने डोळा लावून बघितलं तर रंगाखालची जुनी पट्टी उंचवट्यासारखी दिसते. दुपारी बाराच्या उन्हात काही दिसत नाही आणि रात्री बॅटरीच्या उजेडात तर नाहीच. त्या दोघा भावांची चूक झाली असेल तर तिथेच.

मागच्या फळीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट आणि स्क्रू जिथून जातात तिथून पाणी आत शिरतं आणि लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं, बाहेरचा रंग मात्र छान. इंजिन अडकवलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून पुढे-मागे जोरात हलवायचं आणि दुसऱ्या माणसाने फळीकडे बघायचं. इंजिन हलेल तशी फळी वाकत असेल, किंवा फळी आणि बाजूच्या सांध्यात चीर उघडत-मिटत असेल, तर आतलं गेलं. बोल्टांच्या खाली तपकिरी ओघळ सुकलेले दिसतात का? मालकाला विचारून तिथला एखादा छोटा स्क्रू काढून बघा. कोरडा भुसा आला तर ठीक, काळपट ओला चिखल आला तर ती फळी तुम्हाला नवी घालावी लागेल. फळी कुजली म्हणजे होडी फुकट असं नाही. चांगला कारागीर नवी फळी बसवतो. पण तो खर्च किंमतीतून आधी वजा व्हायला हवा, आणि तो खर्च होईपर्यंत समुद्रात जायचं नाही.

वजनही सांगतं. नाळ उचलायला दोन माणसं पुरायला हवीत तिथे चार लागत असतील तर बाकांच्या खाली भरलेल्या फोमने पाणी प्यायलंय. होडी बुडू नये म्हणून घातलेला फोमच मग तिला खाली ओढतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण याबद्दल संस्थेत नेहमी बोलणं होतं. "पेपर क्लिअर" हे दोन शब्द काहीही सांगत नाहीत. नोंदणी वेगळी आणि मासेमारीचा परवाना वेगळा, दोन्ही बघायचे. होडीवर रंगवलेला नंबर आयएनडीने सुरू होतो, पुढे राज्य: जीए म्हणजे गोवा, एमएच म्हणजे महाराष्ट्र, केए म्हणजे कर्नाटक. त्यापुढे एमओ असेल तर मोटार लावलेली, एमएम असेल तर यांत्रिक, एनएम असेल तर बिनमोटारीची. जाहिरातीत इंजिनसहित होडी आणि नंबरात एनएम, म्हणजे इंजिन नोंदणीवर चढवलेलंच नाही. वेंगुर्ला, मालवण किंवा कारवारची होडी गोव्यात आणायची तर तिथली नोंदणी सोडवल्याशिवाय इथे तुमच्या नावावर होणार नाही. पैसे द्यायच्या आधी आपल्या मच्छीमारी खात्यात जाऊन काय काय कागद लागतील ते विचारून घ्या. होडीवर किंवा इंजिनावर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का? इंजिन अनुदानावर घेतलेलं असेल तर ठराविक वर्षं विकू नये अशी अट असू शकते. आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी बोट असेल तर तिचे कागद कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडचे असतात, मासेमारीचे नव्हेत. अशा बोटींची इंजिनं दिवसभर चालू-बंद, चालू-बंद होत असतात, तेही लक्षात घ्या.

पैशांचं एकच. होडी बघायच्या आधी टोकन नाही. "आणखी दोन गिऱ्हाईकं आहेत, पाच हजार टाका म्हणजे थांबवतो" असं म्हणणाऱ्याला त्या दोन गिऱ्हाईकांना खुशाल द्यायला सांगा. पैसे घेण्यासाठी कुणालाही आपला यूपीआय पिन टाकावा लागत नाही की क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. टोकन परत करतो म्हणून कुणी तसं सांगितलं तर फोन ठेवा. गेलेच पैसे तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकी आशा कमी.

वेंगुर्ल्याच्या त्या होडीचं काय झालं, हे बरेच जण विचारतात. आम्ही चौघे ओहोटीची वेळ बघून सकाळी गेलो. मालक साठीचे, गुडघे गेलेले, समुद्र सोडलेला. जाहिरात मुंबईच्या पुतण्याने टाकली होती, त्याच्या मोबाईलमध्ये होते ते फोटो लावून. होडी २०१७ ची निघाली. "दोन वर्षांपूर्वी" रंग काढला होता, ते पुतण्याने बांधली म्हणून लिहिलं. तळ चांगला बोलला, फक्त डाव्या बाजूला एक जागा भद्द. फळी ओली. इंजिनाच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन दुसऱ्याच्या मानाने बरंच कमी. आमच्यातल्या मोठ्या काकांनी खडूच्या खुणा मालकांना एक एक करून दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या हातून विकली आणि कोणाचं काय झालं, ते मला नको."

इंजिन सोडून नुसती होडी ८५ हजारांना ठरली. निम्मे तेव्हा दिले, उरलेले नोंदणी बदलल्यावर द्यायचं कागदावर लिहिलं. जुलैत फळी नवी घातली आणि ऑगस्टात आपल्याच एका सभासदाचं जुनं इंजिन लावून होडी उतरली. इंजिनाला सेफ्टी दोरी आहे, आम्ही स्वतः बांधून बघितली.

यंदा कुणाला होडी बघायला जायचं असेल तर जाहिरातीची लिंक आणि व्हिडिओ संस्थेच्या नंबरवर आधी पाठवा. कॉम्प्रेशन गेज, लांब मोजपट्टी आणि खडू कार्यालयात ठेवलेत, सही करून न्या आणि परत आणून द्या. गेज गेल्या वेळी पंधरा दिवस कुणाच्या तरी घरी राहिला होता. सोबत माणूस हवा असेल तर दोन दिवस आधी सांगा. रविवारी कुणी येणार नाही.